गळालेलं प्रश्नचिन्ह : पट्टकादंबांच्या थव्यातल्या एका परक्या हंसाचं प्रकरण

धरणाचं नाव, गावाचं नाव आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. पक्ष्याचं नाव मात्र वगळता येत नाही, कारण सगळा घोळ त्याच्या नावावरूनच झाला.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक मोठं धरण. दिवाळीनंतर पाणी ओसरू लागतं, तसा फुगवट्याच्या कडेने गाळाचा पट्टा उघडा पडत जातो आणि त्या गाळपेर जमिनीत हरभरा, गहू उभा राहतो. पीक वितभर झालं की पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंस, हजर. उजनीला, जायकवाडीला, नांदूर मधमेश्वरला जे दिसतं तेच इथेही: ऊन चढलं की हंस पाण्याच्या कडेला विसावतात, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत शेतात चरायला उतरतात. मंगोलिया, तिबेट, लडाखमधल्या उंचावरच्या तळ्यांकाठी त्यांची वीण होते आणि हिवाळ्यापुरते ते हिमालय ओलांडून खाली येतात. वर्तमानपत्रांच्या लेखी मात्र थंडीत आलेला प्रत्येक पक्षी 'सायबेरियन' असतो. कच्छातून आलेला रोहितसुद्धा (फ्लेमिंगो) त्यातून सुटत नाही.

आमचा गट लहान. व्हॉट्सॲपवर चाळीसेक माणसं, पण पहाटे पाच वाजता दुर्बीण गळ्यात घालून निघणारी आठ-दहाच. वर्षभर जमेल तशा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर याद्या टाकायच्या आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेत आमच्या वाट्याचा काठ मोजायचा, एवढंच काम. ही गणना 1987 पासून दर जानेवारीत अनेक देशांत होते. तिच्यात शोध लावण्यापेक्षा डोकी मोजण्याचं काम जास्त. पाणपक्ष्यांत वारकरी किती, थापट्या किती, शेकाटे किती. कंटाळवाणं असतं, पण आमच्या गटाकडे सांगण्यासारखं जे काही आहे ते या कंटाळ्यातूनच जमलेलं आहे.

धरणावर नावा आहेत. मासेमारी करणारी काही कुटुंबं हिवाळ्यात पक्षी दाखवायला माणसं नेतात. मासळी कमी झालेल्या दिवसांत हे तीन महिने त्यांना मोठा आधार असतो. पुढे जे घडलं त्यात याचा फार संबंध येतो.

घटना

जानेवारीचा दुसरा रविवार, गणनेचा दिवस. आमच्यात दुसऱ्याच हिवाळ्यात आलेली एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी पूर्वेच्या काठावर होती. मोठा थवा मोजताना मुरलेली माणसं दहा-दहाचे गठ्ठे करतात, कधी पन्नास-पन्नासचेही. तिला ते अजून जमत नव्हतं, म्हणून ती एकेक डोकं मोजत होती. त्यामुळेच तिला दिसलं की एका डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या नाहीत.

पट्टकादंबांच्या मधोमध एक तपकिरी हंस. चोच गुलाबी, पाय नारिंगी, चोचीच्या मुळाशी पांढरी पट्टी, पोटावर काळे ओरखडे. तिने स्कोपच्या (तिवईवरच्या लांब दुर्बिणीच्या) भिंगाला फोनचा कॅमेरा टेकवून आणि साध्या झूम कॅमेऱ्याने भराभर फ्रेम घेतल्या. अंतर बरंच होतं, पाण्यावरून वाफ उठत होती. मग तिने गटावर लिहिलं:

"पट्टकादंबांत एक वेगळा हंस. कपाळ पांढरं, चोच गुलाबी. डोळ्याभोवती पिवळं कडं आहे का? लेसर व्हाइट-फ्रंटेड??"

तीन प्रश्नचिन्हं. ती मी नंतर मोजली.

हे प्रश्न का महत्त्वाचे, ते सांगायला हवं. पांढऱ्या कपाळाचे हंस दोन जातींचे, ग्रेटर व्हाइट-फ्रंटेड आणि लेसर व्हाइट-फ्रंटेड. दोघंही उत्तर ध्रुवाकडच्या थंड प्रदेशात वीण करतात. ग्रेटर भारताच्या उत्तरेकडच्या पाणथळींवर हिवाळ्यात अधूनमधून दिसतो. आपल्याकडे, इतक्या दक्षिणेला, तो दिसणं हीच मोठी गोष्ट. लेसरच्या मात्र अख्ख्या भारतातल्या नोंदी मोजक्या आहेत आणि जागतिक लाल यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. म्हणजे पहिला दिसला तर माणूस आठवडाभर खुशीत असतो. दुसरा दिसला तर इतर राज्यांतून गाड्या निघतात.

आणि दोघं दिसायला सख्खे भाऊ. लेसरच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं ठळक, फुगीर असतं. कपाळाचा पांढरा रंग डोळ्यांच्या वरपर्यंत माथ्याकडे चढतो. चोच आखूड, डोकं गोल, अंगकाठी लहान, साधारण 53 ते 66 सेंटीमीटर. ग्रेटर साधारण 65 ते 78. पण काही ग्रेटरच्या डोळ्याभोवतीही बारीक पिवळसर कडं असतं, आणि नेमकं तेच कडं पाहून माणसं फसतात.

तिच्या पहिल्या फ्रेममध्ये पिवळं काहीतरी दिसत होतं. वीस मिनिटांच्या आत तो निरोप जिल्ह्याच्या मोठ्या गटावर गेला, या शब्दांत: "लेसर व्हाइट-फ्रंटेड गूज, आज सकाळी, पिवळं कडं स्पष्ट." सोबत नकाशावरची अचूक खूण.

तो निरोप मी टाइप केला होता. मुद्दाम खोटं लिहिलं नाही. फोटो मोठा करून पाहिला, कडं दिसलं, जीव वर-खाली झाला आणि बोटं चालली. फोनने आपणहून फोटो उजळ आणि टोकदार केलेला असतो, हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, किंवा आठवायचं नव्हतं.

समस्या

सोमवारी पहाटे काठावर चौदा गाड्या होत्या. एरवी कामाच्या वारी दोनही नसतात.

नऊ वाजेपर्यंत पाच नावा पाण्यात होत्या. प्रत्येकाला जवळून फोटो हवा होता आणि प्रत्येक नावाड्यावर आपलं गिऱ्हाईक खूश करायचा ताण. हंस बसलेले असताना नाव एका मर्यादेच्या आत आली की आधी सगळ्या माना ताठ होतात. तिथे थांबलं तर थवा पुन्हा माना खाली घालतो. कुणी थांबलं नाही. सकाळभरात तीनदा अख्खा थवा उठला. एकदा तर एका दलदली भोवत्याने, म्हणजे शिकारी पक्ष्याने, उठवला म्हणून आम्ही हायसं वाटून घेतलं, पण बाकी दोन वेळा कारण आम्हीच होतो. दूरचा प्रवास करून आलेल्या आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा तेवढाच परतीचा प्रवास करायच्या पक्ष्याला असं फुकटचं उडणं परवडत नाही. खाण्याचा वेळ जातो तो वेगळाच.

नाव न मिळालेले चार-पाच जण काठावरून चालत पुढे गेले, ते थेट गाळपेरातल्या हरभऱ्यातून. शेतकरी दुपारी आला तेव्हा एका कोपऱ्यातल्या सऱ्या तुडवलेल्या होत्या. त्याने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. बांधावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला एवढंच विचारत होता, "तुम्ही कुठल्या खात्याचे?"

संध्याकाळी एका स्थानिक दैनिकाच्या संकेतस्थळावर बातमी आली. सायबेरियाचा दुर्मीळ हंस, पहिलीच नोंद, पक्षीमित्रांमध्ये आनंद वगैरे. 'पहिलीच' हा शब्द आमच्यापैकी कुणीही उच्चारला नव्हता. फोटो त्या विद्यार्थिनीचा, नाव भलत्याचंच.

रात्री ई-बर्डच्या तपासनिसाचा निरोप आला. मी घाईने टाकलेली यादी अडकली होती: कृपया सविस्तर वर्णन आणि सर्व फोटो जोडा, ग्रेटर कशावरून नाही ते लिहा. अगदी नेहमीचा, नम्र मजकूर. तो वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणजे सोमवारी रात्री आमच्यासमोर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून आल्या होत्या. पक्षी नक्की कोणता? तो शांतपणे इथे राहील असं काय करायचं? आणि ज्यांच्या शेतात, ज्यांच्या पाण्यावर आम्ही हा गोंधळ घातला त्यांचं काय? मला त्या रात्री पहिलीच सगळ्यांत मोठी वाटत होती.

पर्याय

आम्ही सहा जण एकाच्या घरी बसलो. बैठक म्हणण्यासारखं काही नव्हतं. दोन तास बोललो, त्यातला अर्धा तास मी स्वतःची बाजू मांडण्यात घालवला.

गप्प बसावं, असं एकाचं मत. दोन दिवसांत गर्दी ओसरेल, पक्षी उडून जाईल, प्रश्न आपोआप मिटेल. हे वाटतं तितकं पळपुटं नाही. पुष्कळ वेळा खरंच तसं होतं. पण अडचण अशी की गप्प बसलं तरी नोंद मागे राहते. पाच वर्षांनी कुणी या धरणाची यादी काढली, की लेसर तिथे बसलेला असणार.

दुसरा मार्ग दाव्याला चिकटून राहण्याचा. गटातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांना प्रामाणिकपणे तो लेसरच वाटत होता. मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या पुढे आलेली दिसतात, हे त्यांचं कारण. खूण बरोबर आहे, लेसरमध्ये तसं दिसतं. पण एका कोनातल्या एका फ्रेमवरून ते ठरवणं कठीण.

तिसरा, दावा सरळ मागे घेऊन माफी मागायची. मी आधी याच्याच बाजूने होतो. लाज वाटत असली की माणसाला टोकाची माफी सोपी वाटते. तेव्हा गटातल्या एका शिक्षिकेने मला अडवलं. त्या म्हणाल्या, "काल तुम्ही पुराव्याशिवाय 'आहे' म्हणालात, आज पुराव्याशिवाय 'नाही' म्हणताय. फरक काय झाला?"

त्यावरून त्यांनी रानपिंगळ्याची गोष्ट काढली. हा छोटा घुबड 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षं कुणाला सापडत नव्हता. मधल्या काळात 1914 चा, गुजरातेतल्या मांडवीचा एक नमुना मात्र संग्रहालयात होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावाचा. त्या नोंदीवर विसंबून लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिलं की तो नमुना मुळात खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी जमवलेला, चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता. ती खोटी नोंद बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या खऱ्या जागांच्या मागे गेले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला मिळाला. आमचा हंस आणि ती लबाडी यांची तुलना होऊच शकत नाही, हे बाईंनाही मान्य होतं. पण चिठ्ठीवर चुकीचं लिहिलं की ती चिठ्ठी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त जगते, हे त्या गोष्टीतून नीट पोचलं.

मग चौथा मार्ग निघाला, जो खरं तर ई-बर्डमध्ये आधीपासून आहे. तिथे 'ग्रेटर किंवा लेसर व्हाइट-फ्रंटेड' अशी जोड-नोंद करता येते. दोघांपैकी एक आहे, कोणता ते ठरलेलं नाही. काकांना ते कमीपणाचं वाटलं. "इतकी वर्षं पक्षी बघून 'माहीत नाही' लिहायचं?" यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी तेच म्हणाले, "लिहा. पण उद्या मी येणार स्कोप घेऊन."

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय. दुसरा त्याहून अवघड होता: नावा थांबवायच्या का?

वन विभागाला कळवून नावा बंद करवाव्यात, असा एक सूर होता. वनरक्षकाला फोन करून प्रकार सांगितला, ते योग्यच झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण थवा मुद्दाम उठवणं ही फोटोची साधी किंमत आहे असं धरलं जातं. तरीही नावा बंद पाडायला आम्ही तयार नव्हतो. चूक आमच्या निरोपाची आणि हंगाम बुडणार नावाड्यांचा, हे पटेना.

काय केलं

मंगळवारी पहाटे दोघं जण नावाड्यांच्या वस्तीवर गेले आणि तिघं बांधावर.

नावाड्यांशी बोलणं सोपं झालं, कारण त्यांनाही कालचा गोंधळ आवडला नव्हता. त्यांच्यातल्या थोरल्याने तोडगा काढला. हंसांच्या बाजूला कुणीही नाव घालायची नाही, माणसं कुरव आणि सुरय या पाणपक्ष्यांच्या बाजूला, पश्चिमेकडे न्यायची. हंस बघायचाय त्याने धरणाच्या भिंतीवरून स्कोपमधून बघायचा. आमच्या गटाने दोन स्कोप आळीपाळीने तिथे उभे करायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं तर आमच्याकडे बोट दाखवायचं. चालेल म्हटलं.

निघताना सहज त्याला फोटो दाखवला, हा पक्षी कधी पाहिला होता का म्हणून.

"त्यो गुलाबी चोचीचा व्हय? दत्तजयंतीपासनं हाय की हितं."

म्हणजे जवळपास महिनाभर. आम्ही 'रविवारी आलेला दुर्मीळ पाहुणा' म्हणून नाचत होतो आणि त्याला हा रोजच्या येण्याजाण्यात दिसत होता. मग आम्हाला का नाही सांगितलं, या माझ्या प्रश्नावर त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुम्ही इच्यारलंच न्हाई."

ही माहिती नोंदीत कशी घ्यायची, यावर आमची छोटीशी बाचाबाची झाली. दत्तजयंतीची इंग्रजी तारीख काढून तीच पहिली नोंद म्हणून टाकावी, असा मोह झाला. तसं केलं नाही. त्याने पक्षी पाहिला यात शंका नव्हती, पण सण हा माणसाच्या आठवणीतला खुंटा असतो. त्याच्या दोन दिवस अलीकडे की चार दिवस पलीकडे, हे त्यालाही सांगता आलं नसतं. रविवारच्या यादीच्या शेरात आम्ही लिहिलं की एका स्थानिक नावाड्याच्या सांगण्यानुसार पक्षी साधारण दत्तजयंतीपासून इथे आहे. त्याला विचारून, नाव न देता.

बांधावरचं बोलणं तितकं सोपं नव्हतं. त्या शेतकऱ्याच्या घरची जुनी जमीन याच धरणाखाली गेलेली. आता पाणी हटतं तेवढ्या महिन्यांपुरती गाळपेर मिळते, तीही दर वर्षी नव्याने. आम्ही तुडवलेल्या सऱ्यांबद्दल दिलगिरी व्यक्त केली, भरपाई विचारली. त्याने तुडवलेल्या कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेताच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि खाली बसून हरभऱ्याचे शेंडे दाखवले, सपासप कापल्यासारखे.

"हे तुमच्या माणसांनी नाही केलं. हे हंसांनी. तुमचे पाहुणे, जेवतात माझ्याकडं."

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आजही नाही. पट्टकादंब कोवळं पीक खातात ही सगळ्या धरणांवरची जुनी तक्रार आहे. फटाके, डबे बडवणं, बुजगावणी, सगळं करून झालेलं असतं. आम्ही वर्षानुवर्षं त्याच हंसांचे आकडे वाढले की टाळ्या वाजवत आलो आणि ते वाढलेले आकडे रात्री कुठे चरतात याचा हिशेब कधी ठेवला नाही. त्याने भरपाई घेतली नाही. मागितलं एवढंच की पुढल्या वेळी माणसं आणणार असाल तर आधी सांगा, म्हणजे मी वाट आखून देतो.

त्याने त्याच दुपारी दोरी बांधून वाट आखून दिली. गर्दी त्या वाटेने गेली. इतक्या साध्या गोष्टीसाठी आम्हाला रविवारी त्याला फक्त एक फोन करावा लागला असता.

आता पक्षी. बुधवारी सकाळी धरणाच्या भिंतीवरून तिघांनी पाहायचं ठरवलं: काका, ती विद्यार्थिनी आणि बाई. मी त्यात नव्हतो, आणि ते बरोबरच होतं. अट एकच: प्रत्येकाने आपलं वर्णन आधी वहीत लिहायचं, मग एकमेकांशी बोलायचं. जातीचं नाव लिहायचं नाही. जे दिसतं तेवढंच: चोच डोक्याच्या मानाने किती लांब, पांढरा रंग डोळ्याच्या पुढे थांबतो की वर जातो, शेजारच्या पट्टकादंबापेक्षा किती लहान.

अडीच तासांत हंस एकदा सावकाश चालत एका पट्टकादंबाच्या बरोबर शेजारी, त्याच रेषेत उभा राहिला. याची वाट पाहावी लागते. मागे-पुढे उभ्या असलेल्या पक्ष्यांची उंची लांबच्या लेन्समधून हमखास फसवते. पट्टकादंब साधारण 71 ते 76 सेंटीमीटरचा. लेसर त्याच्याशेजारी डोळ्यांत भरण्याइतका लहान दिसला असता. हा जेमतेम उन्नीस होता.

तिन्ही वह्यांत चोच 'लांबट' किंवा 'मोठी'. तिन्हींत पांढरा रंग डोळ्याच्या पुढेच थांबलेला. कड्याबद्दल दोघांनी 'बारीक, फिकट पिवळसर' लिहिलं, काकांनी 'पिवळं'. पंखांच्या टोकांबद्दल काका त्यांच्या जागी ठाम होते, पण आपल्याच हाताने लिहिलेली चोच आणि आकार वाचून त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "ग्रेटर आहे."

आणखी एक शंका उरत होती. हे हंस शोभेसाठी पाळलेही जातात, तेव्हा हा कुठल्या पिंजऱ्यातून सुटलेला तर नसेल? पायात कडी नव्हती, पंखांची पिसं छाटलेली नव्हती आणि माणसाबाबत तो थव्यातल्या इतरांइतकाच, किंबहुना कांकणभर जास्तच बुजरा होता. यातून शंभर टक्के काही सिद्ध होत नाही. पण पट्टकादंबांच्या रानटी थव्यात, त्यांच्याच वेळापत्रकाने राहणारा हंस रानटी मानायला हरकत नव्हती.

निष्पत्ती

सगळ्या फ्रेम आणि तिन्ही वह्यांची पानं आम्ही तपासनिसाला आणि बाहेरच्या तीन जाणकारांना पाठवली. आपलं मत आधी कळवलं नाही. चौघांचं उत्तर एकच: प्रौढ ग्रेटर व्हाइट-फ्रंटेड. जोड-नोंद बदलून ग्रेटरची केली आणि ती मान्य झाली.

एक गोष्ट तेव्हा उघडकीस आली. सर्वांत उपयोगी फ्रेम बुधवारची नव्हतीच. ती रविवारची, त्या विद्यार्थिनीची, हललेली, धूसर, 'टाकाऊ' म्हणून कुणाला न दाखवलेली होती. त्यात डोळ्याभोवतीचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं, पण हंस पट्टकादंबाच्या शेजारी उभा होता आणि आकार स्वच्छ कळत होता. ती फ्रेम रविवारीच पाहिली असती तर सोमवार घडलाच नसता. तिने ठेवली होती म्हणून निदान नंतर मिळाली. गटातल्या बाकी दोघांनी त्या दिवशीच्या आपल्या धूसर फ्रेम फोनमध्ये जागा हवी म्हणून घरी पोचायच्या आत पुसल्या होत्या.

दैनिकाला दुरुस्ती पाठवली. छापून आली नाही. मूळ बातमी अजून तिथेच आहे आणि दर हिवाळ्यात कुणीतरी ती नव्याने फिरवतं.

गर्दी गुरुवारपासून निवळली. 'ग्रेटर' हा शब्द बाहेर पडताच परराज्यातल्या गाड्या अर्ध्या वाटेतून फिरल्या असाव्यात. आमच्यासाठी तोही धरणाच्या यादीत प्रथमच आलेला पक्षी होता, पण त्याचं अप्रूप आता कुणालाच राहिलं नव्हतं. तुलनेने असं होतं. रविवारी मी 'ग्रेटर?' एवढंच लिहिलं असतं तर पूर्ण गट आनंदाने वेडा झाला असता.

हंस फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दिसला. नावाड्यांनी दिलेला शब्द पाळला.

नुकसान झालं ते त्या मुलीचं. तिने प्रश्न विचारला होता आणि बाहेर पसरलं ते असं की तिने दावा केला आणि तो फसला. जिल्ह्याच्या गटावर दोन-तीन दिवस तिला 'लेसरवाली' म्हणून चिडवलं गेलं. मी तिथे लिहिलं की मूळ निरोपात प्रश्नचिन्हं होती आणि ती मी गाळली. लिहिलं ते चौथ्या दिवशी. तोवर तिने गटावर लिहिणं थांबवलं होतं आणि पुढचे दोन महिने ती फक्त वाचत राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

जाणत्या माणसाने नवख्याचा निरोप 'सुधारून' पुढे पाठवणं, ही सवय मोडायला हवी होती. आता आमच्याकडे ठरलंय की दुसऱ्याची नोंद पुढे द्यायची तर त्याच्याच शब्दांत, विरामचिन्हांसकट. हास्यास्पद वाटतो नियम. पण दोनदा उपयोगी पडलाय.

जागेबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. धरणाचं नाव द्यावं, काठ आणि अचूक खूण देऊ नये, असं मला वाटतं. निदान पक्षी कोणता हे ठरेपर्यंत. शिक्षिकाबाईंचं म्हणणं वेगळं. खूण लपवली की ती फक्त ओळखीच्यांना मिळते आणि मग मोठ्या लेन्सवाले आत, नवखे बाहेर. सोमवारच्या चौदा गाड्यांपैकी बहुतेक आमच्या ओळखीच्याच होत्या, हे त्या आठवण करून देतात. यावर मला अजून नीट उत्तर सुचलेलं नाही.

क्रम मात्र नक्की उलटा हवा होता. आम्ही आधी जिल्ह्याला सांगितलं, मग पक्षी ओळखायला बसलो, शेवटी शेतकऱ्याकडे आणि नावाड्यांकडे गेलो. सर्वांत जास्त माहिती शेवटच्या दोघांकडे होती. या जानेवारीत गणनेच्या आदल्या दिवशी आम्ही वस्तीवर गेलो आणि थोरल्याला विचारलं, यंदा काही वेगळं दिसलं का. त्याने दोन पक्ष्यांची वर्णनं दिली. एक चक्क चक्रवाक निघाला, फिकट पिसांचा. दुसरा अजून सापडलेला नाही.

ती मुलगी आता पूर्वेच्या काठाची गणना एकटी सांभाळते. गठ्ठ्यांनी मोजायला शिकली आहे, पण हंस मात्र अजून एकेक करून मोजते. शेतकऱ्याने यंदा दोरीची वाट गणनेच्या आधीच आखून ठेवली होती, आणि तिच्या हातात एक कागद दिला: कुठल्या रात्री किती हंस हरभऱ्यात उतरले, त्याचे त्याने स्वतः मांडलेले आकडे. तिने ते जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले. दोन आकड्यांपुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं, तेही.